राष्ट्रध्वजाचा मान आणि माणसाचा मान

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो तेथे पंधरा ऑगस्टला ध्वजवंदन झाले की दोन-तीन विद्यार्थ्यांची भाषणे होतात. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने भाषण लिहून आणले. विषय तिनेच निवडला होता. राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख तिला माझ्याच तासाला कळला होता आणि त्यावरच ती बोलणार होती. आदल्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो कागद पाहिला. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "झेंड्याखाली उभे राहून झेंड्याचा अपमान करणाऱ्या लेखाचे गोडवे गायचे का? मुलीला जरा समजावा." मी तिला समजावले. तेवढा भाग वगळून बाकीचे बोल म्हणालो. ती म्हणाली, "काढून टाकतो सर. पण अपमान झेंड्याचा झाला का बाईचा, ते तं सांगा."

मी उत्तर दिले नाही. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही, देण्याची छाती झाली नाही. हा लेख म्हणजे उशिरा दिलेले ते उत्तर आहे.

मी कारध्याचा. वैनगंगेच्या या काठाला कारधा आणि पुलापलीकडे भंडारा. आई विड्या वळायची, वडील राईस मिलमध्ये पोती वाहायचे. घरातला पहिला पदवीधर मी. हे आत्मचरित्र म्हणून सांगत नाही. राष्ट्रध्वजाविषयी आमच्यासारख्यांच्या मनात काय असते याचा तो पुरावा आहे म्हणून सांगतो. गावात आमचा मोहल्ला वेगळा होता, लग्नातली पंगत वेगळी होती. पण शाळेच्या पटांगणावर झेंड्यासमोर जी रांग लागायची ती उंचीप्रमाणे लागायची, जातीप्रमाणे नाही. वर्षातून दोन दिवस का होईना, मला समान जागा देणारी ती पहिली वस्तू होती. तेव्हा दलितांना राष्ट्रध्वजाचे प्रेम शिकवण्याचा अधिकार कोणी आपल्याकडे घेऊ नये. प्रश्न प्रेमाचा नाही. ज्या समतेचे वचन तो झेंडा देतो ती मागताना आवाज चढला, तर त्याला अवमान म्हणायचे काय, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा इतिहास आमच्या भागातूनच सुरू होतो. नागपूर येथून साठेक किलोमीटरवर आहे. १९२३ साली तेथे झेंडा सत्याग्रह झाला. जबलपूरला नगरपालिकेच्या इमारतीवर चरख्याचा तिरंगा लावण्यावरून ठिणगी पडली होती. नागपुरात १ मे १९२३ पासून झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून मिरवणूक काढण्याचा हट्ट सत्याग्रहींनी धरला. सरकारने बंदीहुकूम काढला. जमनालाल बजाजांना अटक झाली आणि पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवक आले आणि हजाराहून अधिक माणसे तुरुंगात गेली. अखेर १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक त्या रस्त्याने गेली आणि लढा थांबला. म्हणजे तिरंगा जन्माला आला तोच निषेधाचे साधन म्हणून. तो हातात धरणे हे सत्तेला न आवडणारे बोलणे होते. साहेबाच्या बंगल्यांसमोरून तो मिरवला जाणे हा साहेबाच्या लेखी अवमान होता आणि आपल्या लेखी स्वाभिमान. आज जे लोक ध्वजाचे नाव घेऊन दुसऱ्याचे तोंड बंद करू पाहतात त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, तोंड उघडण्याच्या हक्कासाठीच हा झेंडा प्रथम रस्त्यावर आला.

पण त्याच ऑगस्टची दुसरी एक तारीखही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी, शेजारच्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळात, सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. झेंड्याला त्याचा रस्ता साडेतीन महिन्यांच्या सत्याग्रहाने मिळाला. पाण्याच्या ठरावाला मात्र कागदावरून तळ्यावर उतरण्यासाठी २० मार्च १९२७ ची वाट पाहावी लागली. त्या दिवशी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, परतणाऱ्या लोकांनी डोकी फोडून घेतली, आणि तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. राष्ट्राच्या प्रतीकाचा प्रश्न आणि राष्ट्रातल्या माणसाचा प्रश्न एकाच काळात उभे होते. एक लवकर सुटला, दुसरा रेंगाळला. ढाले यांच्या लेखाचे मूळ या रेंगाळण्यात आहे.

तिरंगा परक्यांचा आणि आम्ही त्याच्या बाहेरचे, असा समज कोणी करून घेऊ नये. घटना समितीने राष्ट्रध्वज ठरवण्यासाठी जून १९४७ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली जी छोटी समिती नेमली तिचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सदस्य होते. २२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी मांडलेला ठराव मंजूर झाला. चरख्याच्या जागी सारनाथच्या सिंहस्तंभावरचे चक्र आले, चोवीस आऱ्यांचे, निळे. ते सम्राट अशोकाचे धम्मचक्र आहे. नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात जो धम्म आपण स्वीकारला त्याची खूण त्याआधीच देशाच्या झेंड्यावर बसलेली होती. म्हणून या ध्वजाविषयी बोलताना दलित माणूस पाहुणा म्हणून बोलत नाही, घरचा माणूस म्हणून बोलतो. आणि घरच्या माणसाच्या बोलण्यात राग असतो.

तो राग १९७२ साली लेखात उतरला.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे होत होती. रौप्यमहोत्सवाची तयारी चालली होती. इकडे इळैयापेरुमाळ समितीने अस्पृश्यांवरील अत्याचारांचे जे चित्र मांडले होते त्याने नव्या शिकलेल्या पिढीची झोप उडवली होती. इंदापूर तालुक्यातील बावड्याला दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला होता. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावला दलित स्त्रीला विवस्त्र करण्याची घटना घडली होती. याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे ही सगळी लिहिणारी माणसे होती. पंधरा ऑगस्ट हा काळा दिवस म्हणून पाळण्याचे त्यांनी ठरवले. त्याच दिवशीच्या 'साधना'च्या विशेषांकात ढाले यांचा लेख आला. यदुनाथ थत्ते तेव्हा संपादक होते आणि अंकाची जुळणी अनिल अवचटांनी केली होती. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले हे साप्ताहिक. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून ज्यांनी प्राण पणाला लावले त्या गुरुजींच्या साप्ताहिकात हा लेख यावा, यात विसंगती काहीच नव्हती.

लेखाचा आशय थोडक्यात असा. राष्ट्रीय प्रतीकाचा अवमान झाला तर कायदा शिक्षा सांगतो, आणि दलित स्त्रीचे वस्त्र फेडणाऱ्याला पन्नास रुपये दंड होतो. मग राष्ट्र म्हणजे माणसे की प्रतीके? माणसाच्या विटंबनेपेक्षा कापडाची विटंबना जड ठरत असेल तर त्या प्रतीकाची किंमत काय? हे सांगताना त्यांनी ध्वजाविषयी एक अतिशय उग्र वाक्य लिहिले. मी ते येथे देत नाही. ते वाक्य तेवढे लोकांच्या ध्यानात राहिले आणि आधीचा प्रश्न विस्मरणात गेला.

खळबळ माजली. 'साधना'वर टीकेची झोड उठली. निषेध करणाऱ्यांत दुर्गा भागवतही होत्या. या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. तीनच वर्षांनी, १९७५ साली, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात, लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने, त्या निर्भयपणे उभ्या राहिल्या. त्यांच्याबद्दलचा आदर मी लपवत नाही. पण आदर ठेवूनही विचारावे लागते की, जे स्वातंत्र्य १९७५ साली सर्व लेखकांचे वाटले ते १९७२ साली एका दलित लेखकाचे का वाटले नाही? मला वाटते, याचे कारण व्यक्तीत नाही, अनुभवाच्या अंतरात आहे. आपल्या अनुभवातून आलेला संताप आपल्याला विचार वाटतो, आणि दुसऱ्याच्या अनुभवातून आलेला संताप शिवी वाटते. मध्यमवर्गीय वाचकाला ध्वजाविषयीचे वाक्य बोचले, कारण ध्वज त्याचा होता. ब्राह्मणगावची बाई त्याची नव्हती.

आता भावना बाजूला ठेवू आणि कायद्याची पुस्तके उघडू. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की, संतापलेल्या माणसाचा हिशेब तपासून पाहावा. पुष्कळदा तो बरोबर निघतो.

राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान प्रतिबंधक कायदा डिसेंबर १९७१ मध्ये झाला, ढाले यांच्या लेखाच्या अवघे आठ महिने आधी. राष्ट्रध्वज जाळणे, फाडणे, विद्रूप करणे, तुडवणे, किंवा कृतीने, बोलून वा लिहून त्याची अप्रतिष्ठा करणे याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आता १९७२ सालची दुसरी बाजू पाहा. अस्पृश्यता गुन्हा कायदा १९५५ चा. विहिरीवर पाणी भरू न देणे, देवळात, दुकानात येऊ न देणे यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्त्रीच्या विनयभंगासाठी १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३५४. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. किमान शिक्षा कोठेच नाही. म्हणजे न्यायाधीशाच्या मनात आले तर पन्नास रुपयांत प्रकरण मिटू शकत होते. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, पण ती पाळणाऱ्याला जास्तीत जास्त सहा महिने. ध्वजाचा अवमान करणाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षे. सहापट. ढाले यांनी जे रागाने लिहिले ते संसदेने आधीच कायद्याच्या भाषेत, शांतपणे, लिहून ठेवले होते.

आणि या हिशेबाचे उत्तरही पुढे संसदेनेच दिले. १९७६ साली १९५५ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला आणि किमान शिक्षा आली. १९८९ साली अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. त्यात दलित-आदिवासी व्यक्तीचे वस्त्र फेडणे, तिची नग्न धिंड काढणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. लेखानंतर सतरा वर्षांनी माणसाच्या विटंबनेची शिक्षा कागदावर ध्वजाच्या विटंबनेहून मोठी झाली. हा बदल एका लेखामुळे झाला असे मी म्हणत नाही. त्यामागे हजारो मोर्चे, नामांतराचा लढा, कितीतरी बळी आहेत. पण ज्या मागणीला १९७२ साली देशद्रोह म्हटले गेले ती १९८९ साली देशाचा कायदा झाली, ही इतिहासाची नोंद आहे. ज्यांनी तेव्हा निषेध केला त्यांनी नंतर या नोंदीखाली सही केल्याचे माझ्या वाचनात नाही.

कागदावर, असा शब्द मी मुद्दाम वापरला. खैरलांजी आमच्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली, प्रेते कालव्यात टाकली गेली. मी तेव्हा दहावीत होतो. त्या वर्षी पुलावरून भंडाऱ्याला जाताना पोलिसांच्या गाड्या दिसायच्या आणि घरी मोठी माणसे हळू आवाजात बोलायची. खटला पुलापलीकडे, भंडाऱ्यातच चालला. सप्टेंबर २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, त्यांतील सहा जणांना फाशी सुनावली गेली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा आरोप सिद्ध झाला नाही आणि विनयभंगाचाही नाही. चौघांचे खून झाले हे न्यायालयाने मानले. जात आणि स्त्रीत्व यांची विटंबना झाली हे मानले नाही. आता सांगा, 'अपमान झेंड्याचा झाला का बाईचा' हा प्रश्न भंडारा जिल्ह्यातल्या मुलीने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

याचा अर्थ ध्वजाचा मान राखणारा कायदा नको, असा मी काढत नाही. माझे म्हणणे त्या कायद्याच्या वापराविषयी आहे. त्याच कायद्यात एक स्पष्टीकरण आहे, जे भाषण करणारे पुढारी सहसा वाचत नाहीत. घटनेवर, ध्वजावर किंवा सरकारच्या धोरणावर, कायदेशीर मार्गाने बदल घडवण्याच्या हेतूने केलेली टीका वा व्यक्त केलेली नापसंती हा गुन्हा नाही, असे ते सांगते. विषम शिक्षांकडे बोट दाखवणे ही बदलाचीच मागणी आहे. ढाले यांचे ते एक वाक्य या स्पष्टीकरणात बसते की नाही यावर वकील वाद घालतील. तिची भाषा मी वर्गात वापरणार नाही. पण भाषेचा उग्रपणा आणि प्रतीकाचा द्वेष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला झेंड्याकडून काहीच अपेक्षा नाही तो झेंड्यावर रागावत नाही.

कृतीचा अर्थ हेतूवरून ठरतो, हे खुद्द ध्वजसंहितेतही दिसते. २००२ ची ध्वजसंहिता सांगते की, फाटलेला, मळलेला ध्वज एकांतात, त्याचा मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करावा. म्हणजे ध्वज जाळणे हा गुन्हाही आहे आणि कर्तव्यही आहे. आग तीच, हेतू वेगळा. मग उग्र शब्दांना तरी हेतू विचारायचा नाही काय?

इतर देशांनीही या प्रश्नाशी झुंज घेतली आहे. अमेरिकेत १९४३ साली, ऐन महायुद्धात, तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शाळकरी मुलांवर ध्वजवंदनाची सक्ती करता येत नाही. १९८९ साली तर निषेध म्हणून ध्वज जाळणे हेही अभिव्यक्तीत मोडते असा निकाल तेथे पाच विरुद्ध चार मतांनी लागला. आपला कायदा इतका दूर जात नाही आणि आपण जसेच्या तसे उचलावे असेही नाही. पण आपल्या न्यायालयांनी आपली वाट काढलेलीच आहे. केरळमधील तीन शाळकरी भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढले गेले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. आदर आणि सक्ती यांत न्यायालयाने फरक केला. २००४ साली नवीन जिंदल प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकवणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, म्हणजे एकोणिसाव्या कलमाचा भाग आहे. २००२ ची ध्वजसंहिता येईपर्यंत सामान्य माणसाला वर्षातले ठराविक दिवस सोडून घरावर झेंडा लावण्याची मुभा नव्हती. म्हणजे ध्वज हे नागरिकाचे बोलणे आहे हे न्यायालयाने मान्य केले. मग ज्याला ध्वज लावून बोलता येते त्याला ध्वजाविषयीही बोलता आले पाहिजे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लावण्याची मोहीम झाली. त्यासाठी नियम सैल झाले होते. यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे झेंडे चालू लागले होते, रात्रीही फडकवण्याची परवानगी मिळाली होती. कारध्यात घराघरावर झेंडे लागले. आठवड्याने त्यांतले काही पावसाने काडीवरून निखळून रस्त्याकडेच्या चिखलात आले. कोणाचे लक्ष नव्हते. माझ्या आईने दोन उचलून आणले, धुतले, वाळवले आणि घडी करून बाबासाहेबांच्या फोटोखालच्या पेटीत ठेवले. मी विचारले, तुला कोणी सांगितले? ती म्हणाली, "याच्यात चक्र आहे ना बापा. पायात कसं येऊ देऊ?" माझ्या आईला ध्वजसंहिता ठाऊक नाही. आणि मोहिमेनंतर गावोगावचे झेंडे चिखलातून वेचणारे हात बहुतांशी कोणाचे होते, हे वाचकांना मी सांगायला नको. ज्यांच्या देशप्रेमाची परीक्षा घेतली जाते त्यांनाच शेवटी झेंडा उचलावा लागतो.

आता एक प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे, नाहीतर हे लेखन एकतर्फी ठरेल. प्रतीकांच्या बाबतीत आपली चळवळ दोन्ही बाजूंना उभी राहिलेली आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. ज्यांना ती पवित्र होती त्यांच्या भावना दुखावल्याच. २ सप्टेंबर १९५३ ला राज्यसभेत बाबासाहेब म्हणाले की, वेळ आली तर घटना जाळणारा पहिला माणूस मी असेन. १९५५ साली त्यांनी त्याचा खुलासाही केला. देवासाठी बांधलेल्या मंदिरात असुर येऊन बसले तर मंदिर पाडण्यावाचून गत्यंतर काय, असा त्याचा भाव होता. घटनेच्या शिल्पकाराचे ते बोलणे घटनेचा अवमान होते, असे आपल्यातला कोण म्हणेल? ढाले ध्वजाविषयी जे म्हणत होते ते याहून फार वेगळे नव्हते.

उलट बाजूला, ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो आणि गोळीबारात दहा माणसे गमावली. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीला पुतळ्यासमोरच्या घटनेच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. १९७१ च्या त्याच कायद्याने घटनेलाही ध्वजाइतकेच संरक्षण दिले आहे. आपण निषेध केला, बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. ब्राह्मणगाव ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातली ही गोष्ट. मग आपल्या प्रतीकांचा अवमान आपल्याला चालत नाही आणि दुसऱ्यांची प्रतीके आपण जाळतो, हा दुटप्पीपणा नव्हे काय?

हा आक्षेप मी टाळत नाही. माझे उत्तर असे आहे. प्रतीकावरचा प्रत्येक प्रहार सारखा नसतो. मनुस्मृती जाळणाऱ्यांनी ती का जाळली हे भर सभेत, ठराव करून, कारणे देऊन सांगितले. ढाले यांनी नाव घालून लिहिले. चपलांचा हार घालणारा अंधारात येतो. एक प्रहार खालून वर होतो आणि सत्तेला जाब विचारतो. दुसरा वरून खाली होतो आणि माणसाला त्याची जागा दाखवतो. पण म्हणून आपणही सावध राहायला हवे. ज्याने कारणे देऊन, नाव घालून आपल्या श्रद्धेवर टीका केली त्याला आपणही शब्दानेच उत्तर दिले पाहिजे, काठीने नव्हे. भावना दुखावल्या एवढेच कारण तोंड बंद करायला पुरेसे आहे असे आज आपण म्हटले, तर उद्या तेच कारण घेऊन आपल्या मुलीचे भाषण कोणीतरी थांबवील. थांबवील काय, थांबवले. मीच थांबवले.

शेवटी एक उदाहरण. ध्वजाचा खरा अवमान कोठे होतो ते त्यात दिसते. १५ ऑगस्ट २०२० रोजी तमिळनाडूच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील आत्तुपाक्कम गावात पंचायतीच्या निवडून आलेल्या दलित महिला अध्यक्षांना ध्वज फडकवू दिला गेला नाही. बातमी पसरली, गदारोळ झाला, आणि पाच दिवसांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत त्यांनी ध्वज फडकवला. पंधरा ऑगस्टला तेथे ध्वज कोणी जाळला नव्हता, फाडला नव्हता, त्याच्याविषयी कोणी अपशब्द लिहिला नव्हता. फक्त एका बाईला तिच्या जातीमुळे दोरीला हात लावू दिला नव्हता. ध्वजाच्या कायद्यातल्या अवमानाच्या यादीत ही कृती नाही. माझ्या यादीत ती पहिली आहे.

त्या विद्यार्थिनीला मी आता उत्तर देऊ शकतो. बाई, अपमान आधी बाईचा झाला. तो झाला आणि पन्नास रुपयांत मिटला, तेथेच झेंड्याचाही झाला, कारण झेंडा तिचाही होता. ढाले यांनी तो केला नाही, झालेला दाखवून दिला. तुझे भाषण मी अडवले ते चुकले. तो कागद जपून ठेवला असशील तर येत्या पंधरा ऑगस्टला घेऊन ये. आधी आपण ध्वजाला वंदन करू. मग तू बोल, एकही ओळ न गाळता. मी शेजारी उभा राहीन.